तुमच्यासारख्या बायका पाहिजेत

माझं माहेर भंडाऱ्याकडचं, तलावांचा मुलूख आहे तो, धानाची शेती, सगळीकडं पाणी आणि चिखल. हे तुला मी आज सरळ सांगितलं, पण एरवी मुंबईत मला कुणी गाव विचारलं तर आधी मी विचारणाऱ्याचं तोंड बघते, की ह्याला नक्की काय पाहिजे. तो फोन तू मध्ये ठेवलास तो चालू आहे ना? असू दे. पण कुणाला ऐकवणार ते सांगून ठेव. लिहिणार आहेस? मग लिही, पण नाव बदल, आणि मी जे बोलले नाही ते माझ्या तोंडी घालू नकोस, मला पेपरवाल्यांचा अनुभव आहे, एकदा आमच्या वस्तीत आले होते, नळाबद्दल विचारून गेले आणि छापताना दारूबद्दल छापलं.

तर माहेर. बाप दुसऱ्याच्या बांधीत राबायचा, तिकडं भाताच्या शेताला बांधी म्हणतात. आम्ही दोघंच, मी आणि माझ्या मागचा दिनेश. दिनेश लहानपणापासून आजारी. थंडी पडली की त्याचे सांधे ठणकायचे, इतके की पोरगं रात्रभर आईच्या मांडीवर विव्हळायचं, डोळे पिवळे पडायचे. गावात कुणी काही बोलायचं, कुणी काही. मग एकदा तालुक्याला शिबिर झालं, तिथं सुई टोचून रक्त बघितलं आणि बोलले ह्याला सिकलसेल आहे, रक्तातलाच आजार आहे, जन्मापासूनचा. माझं रक्त घेतलं नाही, मी त्या दिवशी रोवणीला, भाताच्या लावणीला, गेले होते. दिनेश मिसरूड फुटायच्या वयात गेला. काय सांगू तुला, एवढा हुशार होता, पण ते राहू दे.

मामा मुंबईला भांडुपच्या कंपनीत होता, त्यानं मला आणलं, आणि समाजाच्या मेळाव्यात माझं लग्न जमवलं, तेही साताऱ्याकडच्या माणसाशी. मुलगी भंडाऱ्याची आणि मुलगा साताऱ्याचा, सासूबाईंना माझं बोलणं कळायचं नाही, मी मले-तुले करायची, ‘का’च्या जागी काऊन म्हणायची, की त्या शेजारणींना बोलवायच्या, ऐका गं हिचं. मी सहा महिन्यांत ते बोलणं टाकलं. आणि निघताना आईनं एकच सांगितलं होतं, दिनेशचं तिकडं बोलू नको, तुले कोणी नांदवणार नाही. मी बोलले नाही. मला काय माहीत होतं, आणि होतं तरी किती? भाऊ आजारानं गेला, एवढंच.

आता तू विचारशील, गाव तोंड बघून का सांगते. आम्ही मुलुंडला खोली शोधत होतो तेव्हाची गोष्ट. आमचं आडनाव सगळ्यांच्यात असतं, त्यामुळं आडनावानं लोकांचं समाधान होत नाही. मग गाव विचारतात. गाव सांगितलं की विचारतात गावात कुठल्या बाजूला, देवळाजवळ की ओढ्याच्या अंगाला. हसत हसत विचारतात, चहा पुढं करून विचारतात, आमची पण आत्या तिकडंच दिली आहे म्हणतात. आमचे हे बेरकी, ते तालुक्याच्या गावाचंच नाव सांगायचे आणि पुढं क्रिकेटवर जायचे. अशी एक चांगली खोली मिळाली आम्हाला, मोरी आतमध्ये, खिडकीतून डोंगर. नंतर आम्ही भिंतीवर फोटो लावला, कुठला ते तुला कळलं असेल. बुद्धाची मूर्ती काय, आता सगळ्यांच्याच हॉलमध्ये असते शोभेला, तिच्यावरून काही कळत नाही. फोटोवरून कळलं. मालकीण बाई गोड होत्या, बोलल्या मुलाचं लग्न ठरतंय, खोली लागणार आहे. त्या मुलाचं लग्न त्यानंतर किती वर्षांनी झालं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे, कारण माझी बस त्याच सोसायटीच्या गेटवर थांबायची.

बसमध्ये तर तू होतीस, तुला काय सांगायचं. पंधरा-वीस वर्षं केली मी ती नोकरी, शाळेच्या बसमधली मावशी. तू पुढून तिसऱ्या सीटला, खिडकीशी. बाकीची पोरं नुसती कालवा करायची, मावशी ह्यानं माझं पेन घेतलं, मावशी ही मला चिडवते, आणि तुला पहिल्या दिवशी नाव विचारलं तर तू गळ्यातलं आयकार्डच पुढं केलंस. मला वाटलं हिला बोलताच येत नाही. मग कळलं की तू सगळं बघतेस आणि पोटात ठेवतेस. म्हणून तर तुला सांगते आहे.

आजाराचं असं झालं. बसमध्ये वरचा दांडा धरून उभं राहायचं काम, हात वर असायचा, तेव्हाच काखेच्या खाली गाठ लागली हाताला. दुखत नव्हती, म्हणून मी गप्प. न दुखणारंच वाईट असतं हे नंतर कळलं. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. बसमधली एक चिमुरडी बोलली मावशी तू टकली झालीस, मी बोलले तुझ्या उवांना घाबरून केस पळाले गं. सगळं नीट झालं म्हणून मी परत कामाला लागले, आणि तीन वर्षांनी पाठ धरली. बसचे धक्के असतील म्हणून तेल लावत राहिले. ते हाडात गेलं होतं.

हॉस्पिटलचं नाव घेत नाही, तूही घालू नकोस. तिथं कामत डॉक्टर म्हणून आहेत, तरुण, चष्मेवाले, हळू बोलणारे. ते बोलले, मावशी, एक नवीन गोळी आहे, आपल्या नेहमीच्या औषधाच्या जोडीला द्यायची, तिची ट्रायल चालू आहे, तुम्ही बसता का ते बघू या. मी बोलले ट्रायल म्हणजे प्रयोगच ना. तर त्यांनी नाकारलं नाही. हो, म्हणाले, पण ही गोळी बाहेरच्या देशांत बऱ्याच बायकांना दिली आहे, गुण आला आहे. अडचण अशी की त्या बहुतेक गोऱ्या बायका. आपल्याकडच्या थोड्या घेतल्या, त्याही मोठ्या घरच्या, स्वतः वाचून चौकशी करत आलेल्या. तुमच्यासारख्या बायका त्यात नाहीतच. तुमच्यासारख्या बायका पाहिजेत.

मी विचारलं, आमच्यासारख्या म्हणजे कशा?

आता बघ, हा माणूस वाईट नाही, पण तिथं अडकला. म्हणजे, बोलले, वेगवेगळ्या भागातल्या, वेगवेगळ्या कामातल्या, म्हणजे ज्यांचं खाणंपिणं वेगळं असतं. मी बोलले डॉक्टर, मी डाळभातच खाते. तिथली जी कोऑर्डिनेटर होती, प्राची, पेशंटची सगळी विचारपूस तीच करायची, ती हसली तोंडावर हात ठेवून. डॉक्टर लाल झाले. मग नीट बोलले की एकाच तऱ्हेच्या माणसांवर औषध बघितलं तर ते दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांना झेपतं की नाही कळत नाही, आणि नंतर बाजारात आल्यावर तुमच्या अंगावरच कळतं, तेव्हा बघायला कुणी नसतं. हे मला पटलं. पण पटलं तरी मनातून जाईना. आमच्या लोकांना आजवर कशात आधी बोलावलंय? गटारात उतरायला बोलावतात. आणि आता एवढी महागाची गोळी, आणि म्हणे तुम्हीच पाहिजेत.

घरी तर दोन दिवस नुसती भांडणं. माझी मुलगी स्वाती, ती बँकेत कामाला आहे, ती बोलली आई, उंदीर बनवणार आहेत तुला. आमचे हे बोलले फुकट कोण काय देतं का या जगात. शेजारची बोलली माझ्या दिराच्या साडूला असंच नेलं आणि त्याचं मूत्रपिंड काढलं, मी विचारलं कुठल्या हॉस्पिटलात, तर नाव नाही सांगता येत तिला. कागद दिले होते घरी वाचायला, जाडजूड, मराठीत, पण ते मराठी कुणाचं देव जाणे, यादृच्छिक म्हणे. स्वातीनं प्राचीला फोन करून विचारलं तर ती बोलली, चिठ्ठी टाकल्यासारखं, कुणाला नवीन गोळी मिळणार, कुणाला नेहमीचंच औषध, ते कॉम्प्युटर ठरवणार, डॉक्टर पण नाही. आणि त्यात लिहिलेलं, मृत्यू झाल्यास नुकसानभरपाई. स्वातीनं ते मोठ्यानं वाचलं आणि कागद मिटून ठेवला.

तरी मी गेले. का गेले ते सांगते. मला जगायचं होतं. डॉक्टरांना मी सरळ विचारलं होतं की जुन्या औषधावर किती, तर ते बोलले काही बायकांना बरीच वर्षं मिळतात, काहींना नाही, आणि नव्या गोळीनं थोडं जास्त मिळेल अशी आशा आहे. स्वातीचं अजून काही जमलेलं नव्हतं. मला थोडं जास्त पाहिजे होतं, बस. संशय पोटात ठेवला आणि सही केली. सही करताना समोर कॅमेरा, व्हिडिओ काढतात, की बाईला सगळं समजावून सांगितलं आणि ती राजीखुशीनं तयार झाली. मी साडी नीट केली आणि कॅमेऱ्यात बघून बोलले, मला समजलं, पण सगळं नाही समजलं. प्राची बोलली मावशी, हे परत घ्यावं लागेल.

मग प्राची विचारत गेली. वय काय, मुलं किती, पाळी कधी गेली, तंबाखू, मिश्री. घरात कुणाला कॅन्सर? नाही. मग खाली मान घालूनच विचारलं, मूळ गाव?

झालं. एवढा वेळ ठीक होतं, हिला माझं गाव कशाला पाहिजे? मी तिचं आडनाव आठवलं, चेहरा बघितला. आणि तोंडातून आपोआप आलं, सातारा. खोटं काय त्यात? लग्न झालेल्या बाईचं गाव म्हणजे नवऱ्याचं गाव, रेशनकार्डापासून सगळीकडं तेच. तिनं पण पुढं विचारलं नाही. टिक केलं आणि पान उलटलं. मी मनात म्हटलं, सुटले.

रक्त तपासलं, तर रक्त कमी. ट्रायलमध्ये बसायला जेवढं लागतं त्याच्या खाली. डॉक्टर बोलले काळजी नाही, लोहाच्या गोळ्या देतो, खजूर खा, पालेभाजी खा, महिनाभराची मुदत आहे, तोवर वर येईल. मी घेतल्या. पोट बिघडलं, शौचाला काळं व्हायचं, तरी घेतल्या. परत रक्त दिलं, आकडा तिथंच. सुईच्या टोकाएवढंही वर नाही. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, मावशी, गोळ्या घेताय ना नक्की?

घेते की, म्हटलं.

रोज? जेवणानंतर? की पोटाला त्रास होतो म्हणून मध्ये मध्ये सोडता? बऱ्याच जणी सोडतात, खरं सांगितलंत तरी मी रागावणार नाही. आणि मग बोलले, पुढच्या वेळी येताना रिकामी पाकिटं घेऊन या.

मला इतकं लागलं ते. बसमध्ये पोरं टिफिन खिडकीतून टाकायची तेव्हा मी डबे उघडून बघायची, तसं माझं केलं यानं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई. घरी येऊन जेवले नाही. स्वाती बोलली नको जाऊ आता, बास झालं, विश्वासच नाही त्यांचा आपल्यावर. मी बोलले आपला तरी कुठं आहे त्यांच्यावर. आणि मुदत संपायला आठवडा राहिला होता, मुदत संपली की जागा गेली.

पुढच्या वेळी मी सगळी रिकामी पाकिटं पिशवीत भरली आणि त्यांच्या टेबलावर ओतली. बोलले मोजा. डॉक्टर, मी चोर नाही, तुम्हीच बोलावलंत मला, मी नव्हते आले. बाहेर बसलेले पेशंट डोकावायला लागले. प्राचीनं उठून दार लावलं. आणि रागाच्या भरात माझ्या तोंडातून काय गेलं माहीत आहे? काऊन, म्हटलं, काऊन असं करता बापा तुम्ही. इतक्या वर्षांनी. माझं मलाच नवल वाटलं.

पाकिटं डॉक्टरांनी मोजली नाहीत, तेवढं खरं. बोलले, मावशी, माझं चुकलं. गोळ्या तुम्ही घेतल्यात. मग रक्त वर येत नाही याचं कारण दुसरं आहे, आणि ते शोधायला मला एक विचारायचंय, पण कशाला विचारतोय ते आधी सांगतो. काही भागांतल्या लोकांच्या रक्तात जन्मापासून एक वेगळेपणा असतो, विदर्भाच्या पूर्वेकडं तो बऱ्याच घरांत आहे. तसं असेल तर लोहाच्या गोळ्यांनी काही होत नाही, उलट नको तिथं लोह साठतं. तुमचं माहेर कुठलं?

मी लगेच नाही सांगितलं. मी विचारलं, हे तुम्ही सगळ्यांना विचारता, का आम्हालाच?

बोलले, सगळ्यांना विचारायला पाहिजे, पण विचारत नाही. नुसतं मूळ गाव विचारतो आणि त्यावरून ठरवतो की कुणाची ती तपासणी करायची. तुमचं सातारा लिहिलंय, म्हणून केली नाही.

मी बोलले, म्हणजे फिरून जातच विचारलीत ना, रक्ताच्या वाटेनं.

प्राची एकदम खाली बघायला लागली. डॉक्टर बोलले, तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. आणि परत काही विचारलं नाही, वाट बघत बसले. हे त्यांचं मला बरं वाटलं. मग मी सांगितलं. भंडारा सांगितलं, दिनेशचं सांगितलं, त्याचे सांधे, पिवळे डोळे, शिबिर, सगळं. जे मी आमच्या ह्यांना सांगितलं नव्हतं ते त्या खोलीत दोन परक्या माणसांपुढं बोलले.

मग ती तपासणी झाली. आहे म्हणाले माझ्यात, पण सौम्य प्रकार, दिनेशला होता तसा नाही. जन्मभर रक्त थोडं कमीच राहणार, शरीराला त्याची सवय आहे, तुम्ही एवढी वर्षं बसमध्ये उभ्या राहिलात की नाही, बोलले. लोहाच्या गोळ्या बंद. मला वाटलं चला, कारण कळलं, आता घेतील. मी विचारलं कधीपासून नवीन गोळी.

तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढला. चष्मा काढणारा डॉक्टर मला आवडत नाही. बोलले, मावशी, ट्रायलचा नियम आहे, रक्ताचा जन्मजात आजार असलेल्या कुणालाच घ्यायचं नाही. सौम्य असला तरी. नियम बाहेर बनलाय, मी बदलू शकत नाही.

काय सांगू तुला. मला रडू नाही आलं, हसू आलं. म्हटलं डॉक्टर, आधी तुम्ही बोलला तुमच्यासारख्या बायका पाहिजेत. आणि आमच्यासारख्यांच्या रक्तात जे असतं तेच तुम्हाला नको. मग तुम्हाला पाहिजे तरी काय होतं? आमचे नुसते चेहरे? खरं सांगितलं नसतं तर निदान कारण न कळता बाहेर गेले असते, आता कळून गेले. ते बोलले, बरोबर आहे तुमचं. मी बोलले, बरोबर आहे म्हणून मला औषध मिळणार आहे का?

जाताना प्राचीला विचारलं, माझं काय लिहिलंस? ती बोलली, स्क्रीन फेल्युअर. म्हणजे? म्हणजे तपासणीत बसला नाहीत. मी बोलले फेल म्हणजे नापास ना, मी नापास नाही झाले. मी आले, सही केली, गोळ्या खाल्ल्या, खरं बोलले. असं लिही की बाई तयार होती आणि नियमानं तिला बाहेर काढलं. प्राची बोलली तसा रकाना नाहीये मावशी. मी बोलले मग कुठंतरी कडेला लिही. तिनं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टर बोलले, मी वर पत्र लिहिणार आहे, त्यात लिहितो. मी मनात म्हटलं, लिहिलंस बरं.

घरी सांगावंच लागलं. आमचे हे एवढंच बोलले, आई असती तर तिला सांगायला नको होतं, मला सांगायला काय झालं होतं, आणि बाहेर जाऊन बसले. स्वाती मात्र पेटली, आई हे माझ्या पण रक्तात असेल ना, मला आता कळतंय का? तिनं दुसऱ्या दिवशी रजा टाकून तपासून घेतलं. तिच्यात आहे, अर्धं, त्रास काही होणार नाही, पण मुलगा बघताना त्याचं रक्त बघायचं, त्याच्यातही अर्धं निघालं तर पोराला दिनेशसारखं होऊ शकतं. आता ती स्थळ आलं की पहिल्या भेटीतच विचारते. दोघं पळाले. तिसरा बोलला करतो की तपासून, त्यात काय. त्याचा रिपोर्ट कोरा आला आणि तो अजून येतो घरी, पोहे खातो.

माझं जुनंच औषध चालू राहिलं, बसचं काम सुटलं. आणि मग बऱ्याच महिन्यांनी कामत डॉक्टरांचा फोन. मावशी, नियम बदलला. तुमच्यासारखा सौम्य प्रकार असेल आणि बाकी सगळं ठीक असेल तर आता घेतात, रक्ताची अटही अशांसाठी खाली आणली. बऱ्याच ठिकाणच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, मी पण. मी विचारलं मग मी येऊ? बोलले, तुमचं नेहमीचं औषध सुरू होऊन बराच काळ गेला, आता तुम्ही त्यात बसत नाही. पहिलं माझ्या मनात काय आलं सांगू? मला बाहेर काढलं आणि मग दार उघडलं. दुसरं आलं की हा फोन कशाला केला मग. त्याचं उत्तर पण मिळालं लगेच. भांडुपची एक बाई आली आहे, रंजना नाव, तुमच्याच माहेरच्या बाजूची वाटते, काही विचारलं की उठून जाते, तुम्ही बोलाल का तिच्याशी?

बघ आता. मी म्हणजे आमिष. मला पुढं करून बायका गोळा करायच्या. मी फोन ठेवला. दोन दिवस विचार केला. मग गेले, पण डॉक्टरांना आधीच सांगितलं, मी तिला घे म्हणणार नाही, नको पण म्हणणार नाही. आणि प्राचीला सांगितलं की मूळ गाव विचारू नकोस. आधी कशाला विचारतेस ते सांग, मग माहेर विचार, आणि हे सगळ्यांना विचार, ती मोठ्या गाडीतून येते ना तिला पण. प्राचीनं त्याच वेळी तिथं बसलेल्या एका साहेबीण बाईंना विचारलं. त्या बोलल्या, एक्स्क्यूज मी? मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रंजना तिशी-पस्तिशीची, पोरगीच. दवाखान्याच्या बाकावर पर्स पोटाशी धरून बसलेली. मी शेजारी बसले आणि आमच्या बोलीत बोलले, कोणतं गाव वो बाई तुमचं? तिनं माझं तोंड बघितलं. अगदी मी बघते तसंच. मग बोलली, तुमचं आधी सांगा. मी गाव सांगितलं, दिनेश सांगितला, खोली गेली ते सांगितलं, नापास झाले ते सांगितलं. ती ऐकत होती आणि मध्येच विचारलं, मावशी, तुम्ही घेतलं का ते औषध? नाही, मला घेतलं नाही. मग तुम्ही कायले सांगून राहिल्या मले? मी बोलले तुला सांगतच नाहीये. तू आत जाऊन विचार. चिठ्ठीत नाव नाही निघालं तर काय, मध्येच सोडलं तर बोलतील का, त्रास झाला तर सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करायचा. उत्तर नाही आलं तर उठून ये, मी इथंच आहे.

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं, फसवली की काय पोरीला. दोनदा दारापर्यंत जाऊन आले. शेवटी आली, हातात जाडजूड कागद, बोलली घरी वाचते. वाचून आठ दिवसांनी सही केली तिनं, मला न विचारता. बरं केलं.

चिठ्ठीत तिला नवीन गोळी लागली आहे. मला संध्याकाळी फोन करते, आज तोंड आलं, आज पाय जड झाले, आणि मी प्रत्येक गोष्टीवर म्हणते डॉक्टरला सांग, आत्ता सांग, उद्या नको. डॉक्टरांना पण मी सोडत नाही, दर बुधवारी जाऊन बसते, प्राची बोलते मावशी तुम्ही पोलीस आहात का. एक ओळखपत्र देत होते गळ्यात घालायला, मी नाही घेतलं. कुणाच्या बाजूची आहे ते गळ्यात कशाला अडकवायचं.

माझं म्हणशील तर पाठ बरी आहे. पावसाळी हवेत ओढते. जेवढं आहे तेवढं आहे. ती गोळी मला मिळाली असती तर काय झालं असतं, ते मी रात्री विचारत नाही स्वतःला, दुपारी विचारते कधी कधी, कपडे वाळत घालताना.

काल रंजनाचा फोन आला तर बोलली, मावशी, भूक लागून राहिली हो, दोन भाकरी खाल्ल्या. मी विचारलं, गोळीनं की भाजी चांगली झाली होती म्हणून? तिला पण नाही माहीत. कळेल. पोरीला खाऊ दे पोटभर, एवढंच मागते मी. आणि आता तो फोन बंद कर बघू तुझा. सकाळची बसली आहेस, पाण्याशिवाय काही घेतलं नाहीस, हात धुऊन ये, मी भात वाढते.